बुधवार, दुपारी तीन

पणजीच्या वर्गात मोठाले जांभळे चेंडू होते,
भिंतभर आरसा,
आणि अर्जात एक रकाना: सोबत्याचे नाव.
मी लिहिले, प्रज्योत. पुढे लिहिले, जहाजावर.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
ऑनलाइन जोडता येईल की त्यांना.
इथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा तो
चाळीस खोल्यांच्या चादरी बदलत असतो.
भरतीला निदान वेळ असते,
त्याच्या रेंजला तीही नाही.

दुसरा वर्ग माशेलला.
तिथे बासरी लावतात, तुपाचे प्रमाण सांगतात,
आणि बाळ ऐकते आहे, बाळ ऐकते आहे,
असे दर पाच मिनिटांनी बजावतात.
मी दचकले. त्याच सकाळी बसमध्ये
मी एकाला शिवी हासडली होती, चांगली लांबलचक.
बाईंनी विचारले, मासे सोडलेत ना?
मला दुपारचा बांगडा आठवला
आणि मान हलली, हो आणि नाही
यांच्या मधोमध कुठेतरी.

तिसरा फुकट, डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात,
लसींच्या फ्रीजशेजारी.
आई म्हणाली, फुकटात काय शिकवतील?
त्याला धरूच नको. दोघांतला कुठला, ते देवाला विचारू.

म्हणून रवळनाथासमोर.
भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या,
गाऱ्हाणे सुरू केले आणि मध्येच वळून विचारले,
पणजीला नक्की काय शिकवतात?
श्वास घ्यायला, मी म्हटले.
त्यांनी देवाला तसेच सांगितले, गंभीरपणे.
उजवी पडली तर पणजी, डावी पडली तर माशेल.
आम्ही उभ्या राहिलो.
माझे पाय सुजले. आईने दोनदा घसा खाकरला.
आत कुणीतरी कूस बदलली.
पाकळी मात्र एकही हलली नाही.
भटजी म्हणाले, होते असे कधीकधी.
प्रश्न नीट ठरवून या.

बुधवारी मामंजींनी स्कूटर काढली.
तीस वर्षे कदंबा बसमध्ये कंडक्टर;
अजून पाय फाकवून उभे राहतात,
जमीन कधीही वळण घेईल म्हणून.
तू जा आत, म्हणाले, मी आहे बाहेर.

आत सात बायका, एक पंखा,
आणि सेफेरीना सिस्टरच्या काखेत प्लास्टिकची बाहुली,
जिचा एक डोळा कायमचा मिटलेला.
नवरा कुठे, हे तिने विचारलेच नाही.
विचारले, रात्री दोनला कळा आल्या
तर गाडी कोण काढणार?
कुणी पंख्याकडे पाहिले, कुणी पायांकडे.
मी खिडकीकडे पाहिले. तिथे मामंजी,
आपण कुणाला दिसत नाही अशा समजुतीत.

येयात भितर, सिस्टर ओरडली,
आणि ते चपला काढून आले, देवळात यावे तसे.
लंगोट बांधायचा धडा चालला होता,
सगळ्यांचेच सैल पडत होते.
त्यांनी कापड घेतले. उभी घडी, मग तिरकी,
त्याच बोटांनी, ज्यांच्या बेचक्यांत
तीस वर्षे लांबट दुमडलेल्या नोटा होत्या,
पाचाच्या वेगळ्या, दहाच्या वेगळ्या.
सिस्टरने बाहुली पायाला धरून हलवली.
लंगोट जागचा हलला नाही.
कुणीतरी हसले, कुणीतरी टाळी वाजवली.
ते म्हणाले, प्रज्योतच्या वेळी मी वास्कोच्या गाडीवर होतो.
तिसऱ्या दिवशी पाहिला त्याला.
मग बाहुलीचा मिटलेला डोळा
अंगठ्याने हळूच उघडून दिला. तो पुन्हा मिटला.

रात्री फोन आला, तुटक तुटक.
कुठला वर्ग ठरवलास शेवटी?
सोबत्याच्या रकान्यात कुणाचे नाव घातले
ते सांगणार होते मी, तोवर रेंज गेली.
बाहेर ओसरीवर दिवा चालू होता.
मामंजी अंघोळीच्या टॉवेलची घडी घालत होते,
उलगडत होते,
पुन्हा घालत होते.